भागुबाईंची मशेरी आणि वेदिकाचा फोन

पहिन्याचा धबधबा मागे पडला, ढग खाली उतरून वाटेवरच बसले, आणि सकाळपासून मनात घोळत असलेला प्रश्न मैनाताईंनी एकदाचा विचारला.

"भागुबाई, त्या दिवशी माइकसमोर तुम्हाला एवढं भरून का आलं हो? डोळ्यांतून पाणी काय, हात काय जोडलेत, पण तोंडातून शब्द नाही. मला अंकात नेमकं तेवढंच नीट लिहायचंय."

भागुबाई गांगुर्डे चालता चालता थबकल्या. श्रावणातला तिसरा सोमवार, ब्रह्मगिरीची फेरी, मागून माणसांचा लोंढा. ती थांबायची जागा नव्हे. मागचा माणूस त्यांच्यावर आदळलाच. "बम बम भोले, मावशी! मधीच कुठं गाडी लावता?" भागुबाई पुन्हा चालू लागल्या, पण त्यांचे खांदे गदगदत होते. मैनाताईंना वाटलं, बाई परत गहिवरली. वाकून पाहिलं, तर बाई पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती.

"खरं सांगू, का लिवायजोगतं सांगू?"

"दोन्ही वेगळं आहे का?"

"लय वेगळं हाय, ताई."

मैनाताई शाळेचं ग्रंथालय सांभाळतात. शाळेच्या दिवाळी अंकात दर वर्षी एका साध्या माणसाबद्दल त्या लिहितात. मागच्या वर्षी शाळेचा माळी झाला, यंदा बसच्या मावशी. भागुबाई त्याच बसवर मुलांना चढवतात-उतरवतात. फेरीला बरोबर जाऊ, चालता चालता बोलणं होईल, असं दोघींचं ठरलं होतं. पण बोलायच्या आधी भागुबाईंनी मान उंचावून पुढे पाहिलं. वीसेक पावलांवर त्यांची नात वेदिका शेजारच्या तेजस्विनीबरोबर चालली होती. वेदिका त्याच शाळेत सातवीत, तेजस्विनी नववीत. दोघींच्या वेण्या ढगात दिसत होत्या, नव्हत्या.

"तिला जरा पुढं जाऊ द्या," भागुबाई म्हणाल्या. "तिच्या कानाव गेलं तर माझं वाटोळं हाय."

आता हे वाटोळं काय ते कळायचं तर आधी भागुबाईंची मशेरी कळली पाहिजे.

भागुबाई घोटीकडच्या, भाताच्या मुलखातल्या. चौदाव्या वर्षी आवणीला, भाताची रोपं लावायला, चिखलात उतरल्या. दुपारी बांधावर बसलेल्या बायकांनी भाकरीनंतर तळहातावर काळी चिमूट ठेवली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हाताने चुरायची आणि बोटाने दाताला घासायची. सांगायला दात घासणं, खरं तर डोकं जाग्यावर आणणं. लग्न होऊन सातपूरला आल्या, तर सासूबाई नवसाबाई स्वतः सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायच्या, पण सुनेला सक्त मनाई. "आमचं काय, आम्ही म्हाताऱ्या," म्हणायच्या. तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या.

तिथून भागुबाईंचं खरं शिक्षण सुरू झालं. तांदळाच्या डब्यात पुडी. नवऱ्याच्या जुन्या बुटात पुडी. देवघरात वातींच्या डबीखाली सुद्धा, अर्थात देवाला हात जोडून, "तू बघितलं तरी चालंल, आत्याबाईंना दिसायला नको," असं सांगून. पुढे द्राक्षं निवडून खोक्यांत भरायच्या पॅकहाउसात कामाला लागल्या. माल परदेशी जाणारा, त्यामुळे तिथे तंबाखूचा कणही चालायचा नाही. दारात पिशवी तपासायचे, बांगड्या काढून ठेवायला लावायचे, ओच्याची गाठ सोडून दाखवावी लागायची. भागुबाई सगळं सोडून दाखवायच्या. पुडी अंबाड्यात असायची आणि अंबाड्यावर पॅकहाउसचीच जाळीची टोपी. अकरा वर्षांत एकदाही सापडल्या नाहीत.

नवरा गेला, मुलगा महेश अंबडच्या कंपनीत चिकटला आणि भागुबाई शाळेच्या बसवर मावशी म्हणून लागल्या. काम सोपं. लहानग्यांना हाताला धरून उतरवायचं, उलटी येणाऱ्याला खिडकी आणि पिशवी द्यायची, मोठ्यांची भांडणं सोडवायची. एकच नियम अवघड होता. बसमध्ये फोन आणायचा नाही. नियम फळ्यावर होता, डायरीत होता, आणि फोन रोज बसमध्ये होते. मागच्या सीटवर चार डोकी एका मांडीवर वाकलेली दिसायची. आधीच्या मावशीने दप्तरं उलटीपालटी केली, तरी वर्षभरात दोनच फोन मिळाले होते.

भागुबाईंनी पहिल्या आठवड्यात नऊ काढले.

दप्तराला त्यांनी हातच लावला नाही. दप्तरात कोण ठेवतं? पाण्याच्या बाटलीचं कव्हर, मोज्याचा आतला भाग, डब्यातल्या पोळ्यांच्या खालची पोळी, मधून कोरलेलं गाइड. एका मुलीने फोन वेणीत घालून वर मोठी रिबीन बांधली होती. तिच्याकडे बघून तर भागुबाईंना माहेरची आठवण झाली. आठवीतला साई एक दिवस हात गळ्यात बांधून आला. प्लॅस्टर नाही, नुसती झोळी. भागुबाईंनी हळूच खिडकीकडे बोट केलं, "अरे साई, तुझी आई टाटा करतीया." साईने मोडका हात खिडकीबाहेर काढून जोरात हलवला, आणि झोळीतून फोन धपकन खाली.

"मावशी, तुम्हाला कळतं कसं?" पोरं विचारायची.

"देव सांगतो," भागुबाई म्हणायच्या. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, हे कसं सांगणार?

बसवर असा दरारा, आणि घरात? घरात भिजलेलं मांजर. लॉकडाउनात वेदिकाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला फोन परत कपाटात गेलाच नव्हता. तो ताटाशी तांब्याला टेकून बसायचा. वेदिका घास तोंडात घालायची, डोळे तिकडे. लपवलेलं शोधता येतं हो, पण उघड्यावर मांडी घालून बसलेल्याचं काय करणार? एकदा भागुबाईंनी चिडून तिच्या ताटात बटाट्याच्या जागी कारल्याची भाजी वाढली. या पोरीला कारलं नुसतं पाहिलं तरी ओकारी यायची. तिने वाटीभर खाल्लं आणि डोळे न हलवता म्हणाली, "आजी, बटाटा मस्त झालाय, अजून वाढ."

त्या रात्री भागुबाईंना हसू आलं नाही.

आषाढी एकादशीला त्यांनी देवासमोर दिवा लावला आणि दर वर्षीसारखा चातुर्मासाचा नेम सांगितला, "चार म्हयने वांगं खाणार नाय." फोनमधून मान वर न काढता वेदिका बोलली, "आजी, तुला वांगं आवडतच नाही. आवडत नाही ते सोडायचं, हा कसला नेम? मग मी गणित सोडते."

"मंग तू आवडतं ते सोडून दाव. सोड तो फोन."

आता मात्र वेदिकाने मान वर केली. पोरगी कुणाची नात आहे ते तिच्या डोळ्यांत दिसलं. "सोडते. कार्तिकीपर्यंत सोडते. तू मशेरी सोड."

दिवा समोर तेवत होता. सून दारात उभी राहून तोंडाला हात लावून हसत होती. महेश टीव्ही बंद करून बघायला आला. भागुबाईंना वाटलं, पोरगी चार दिवसांत शरण येईल. त्या म्हणाल्या, "सोडली." आणि पोरीने तिथल्या तिथे अट घातली. मोडेल तो हरला, दुसरा मोकळा.

पहिला आठवडा गांगुर्ड्यांच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. भागुबाईंचं डोकं ठणकायचं, सकाळी पोट साफ होईना, बसमध्ये उगाच लहानग्यांवर खेकसल्या. वेदिकाचा अंगठा जेवताना ताटाच्या काठावर आपोआप वरखाली व्हायचा. सकाळी डोळे मिटलेले आणि हात उशीखाली काहीतरी चाचपडतोय. भागुबाई रोज तिच्या आईच्या फोनच्या पाठीला हात लावून बघायच्या, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. गरम लागला तर चौकशी. वेदिका रोज संध्याकाळी समोर उभी राहून म्हणायची, "आजी, हा कर." आणि नाक पुढे आणून हुंगायची.

दुसऱ्या आठवड्यात पोरगी बोलायला लागली. आणि काय बोलायला लागली! भूगोलाच्या मॅडमची चाल, कुणाचं कुणाशी बिनसलं, मुंगी झोपते का, महादेवाला थंडी वाजत नाही का. भागुबाईंच्या ओठांवर एकदा आलंच होतं, "अगं बाई, घडीभर फोन तरी बघ." सागरगोटे निघाले. एके संध्याकाळी ती भागुबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा संध्याकाळी काय करायचीस?"

भागुबाईंना आठवेना. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

"तवा मला कळलं," चालता चालता भागुबाई मैनाताईंना म्हणाल्या, "का ही पोरगी आता माझ्या हाताला लागली. आता सुटली तर परत गावायची नाय."

"मग झेंडावंदनाच्या दिवशी काय झालं?"

भागुबाईंनी पुन्हा पदर तोंडाशी नेला.

पंधरा ऑगस्टला शाळेने त्यांचा सत्कार ठेवला. बसच्या काचेवर 'मोबाइलमुक्त बस' अशी पाटी लागली. नारळ, शाल, सगळं ठरलेलं. आदल्या संध्याकाळी सांगितलं, मावशी, तुम्हाला माइकवर दोन शब्द बोलायचेत. भागुबाई रात्रभर जाग्या. सकाळी मैदानावर आठशे पोरं रांगेत, पालक खुर्च्यांवर. तेव्हा त्यांना आठवलं, बसच्या औषधाच्या पेटीत, कापसाच्या गुंडाळीखाली, अडीनडीला म्हणून एक पुडी राहिली होती. आषाढीच्या आधीची.

"औषधाच्या पेटीत औषधच की," त्या म्हणाल्या. "बसच्या मागं गेले. म्हनलं एकच चिमूट, मंग चूळ भरून येते. बोट दाताला लावलं न लावलं, तर माइकवर माझं नाव! दोन पोरी हात धरून वढायलाच आल्या."

स्टेजवर मुख्याध्यापिका बोलत होत्या, "व्यसन हे व्यसनच असतं, मग ते फोनचं असो की तंबाखूचं. आपल्या भागूमावशी..." भागुबाईंचं तोंड रसाने भरत चाललेलं. थुंकावं तर समोर झेंडा. गिळावं तर भोवळ. बोलावं तर शालीवर काळा ओघळ. माइक तोंडाशी आला. भागुबाईंनी डोळे मिटले, महादेवाचं नाव घेतलं आणि गिळलं. आतून आगीचा लोळ वर आला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. कसेबसे हात जोडले आणि उभ्या राहिल्या. मग टाळ्या, टाळ्या, टाळ्या. पालक डोळे पुसायला लागले. सातवीच्या रांगेत वेदिका टाचा उंचावून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

मैनाताई वाटेतच उभ्या राहिल्या. "भागुबाई! मी फलकावर लिहिलं होतं, 'जिथे शब्द थिजतात'!"

"वाचलं की म्या. लय भारी लिवलं व्हतं."

मैनाताईंनाही हसू आवरेना. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून हसत सुटल्या, तेवढ्यात कुणा भाविकाने हातात राजगिऱ्याचा लाडू ठेवला, तो हसण्याच्या भरात निम्मा सांडला.

"पण मग एकदाच ना? झालं गेलं."

भागुबाईंचं हसू सरलं. "एकदाच कुठं ताई. तव्हापासून रोज एक चिमूट. शेवटचं पोरगं उतरलं का बसमधी. मंग कोपऱ्यावरच्या झाडाचं पेरूचं पान चघळायचं आन् घरी जाऊन 'हा' करायचं. पंधरा दिस झाले."

वाट वळली. पुढे ओढ्याशी गर्दी दाटली होती. कातळावरून पाणी उतरत होतं आणि त्याच्यासमोर पोरापोरींचे फोन उंच झालेले. तेजस्विनीने केस मोकळे सोडले होते. तिने फोन वेदिकापुढे धरला. या दोघी मागून पोचल्या आहेत ते त्या पोरींना ठाऊक नव्हतं.

"धर ना गं. काल टाकलेल्याला बघ किती लाइक आलेत. तुझी आजी मागे आहे, कोण बघतंय?"

वेदिकाने हात मागे बांधले. नजर मात्र फोनवरून हलेना. "नको."

"एकच रील, यार."

"नको म्हटलं ना. माझ्या आजीने चाळीस वर्षांची मशेरी सोडलीय. डोकं धरून बसते बिचारी, तरी हात लावत नाही. मला एक रील सोडता येत नाही का?"

मैनाताईंनी हळूच भागुबाईंकडे पाहिलं. भागुबाईंचा चेहरा शेवटच्या बाकावर पकडलेल्या पोरासारखा झाला होता. गप्प राहिलं तर पोरगी कार्तिकीपर्यंत त्यांची. ओढा ओलांडायचा, लाडू खायचा, गप्प राहायचं. एवढंच करायचं होतं.

"वेदे," त्या म्हणाल्या. "थांब जरा. हुंग."

"इथे?"

"हुंग म्हनते ना."

भागुबाईंनी हा केला. वेदिका जवळ आली. "पेरू," ती म्हणाली. "रोजचाच."

"त्यो पेरू न्हाय. पान हाय. मशेरीवर चघळते म्या. आज पहाटंबी चघळलंय."

वेदिकाला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मला वाटायचं तू बसमध्ये एकटी पेरू खातेस आणि मला आणत नाहीस!" आणि लगेच, "किती दिवस?"

"झेंडावंदनापासून."

"झेंडावंद..." पोरीने हिशेब लावला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे माइकसमोर?"

"तोंडात व्हती."

"मी रडले होते आजी! सगळ्या वर्गासमोर रडले होते!"

तेजस्विनी हसायला लागली होती, तिला मैनाताईंनी डोळ्यांनी दाबलं.

"मोडेल तो हरला," वेदिका म्हणाली. "दुसरा मोकळा. तुझ्याच दिव्यासमोर ठरलंय." तिने तेजस्विनीच्या हातातून फोन घेतला आणि ताडताड ओढा ओलांडून पुढे निघाली. भागुबाई मागून बघत राहिल्या. पावलं उचलायची म्हणून उचलत होत्या.

पलीकडे चढणीला लागल्यावर पोरगी एकाएकी थांबली. फोन डोक्यावर धरला. उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला, स्वतः गोल फिरली, जणू ब्रह्मगिरीला ओवाळतेय.

"नुसतं गोल गोल फिरतंय," ती करवादली.

"रेंज नाहीये गं," तेजस्विनी म्हणाली. "आधीच डोंगर, त्यात एवढी पब्लिक. सापगावच्या पुढे येईल."

वेदिकाने फोन परत दिला नाही. मुठीत धरून चालू लागली. भागुबाई तिच्या जोडीला आल्या, तर तिने मान फिरवली. पण पुढेही गेली नाही. मग फोनकडेच बघत तिने फुटक्या आवाजात विचारलं, "ठेवली कुठे होतीस?"

"बसच्या औषधाच्या पेटीत. कापसाखाली."

वेदिकाच्या ओठांचा कोपरा जरासा हलला आणि लगेच जाग्यावर गेला. "आणि घरी? पूर्वी?"

"पूर्वी व्हय? एकदा तर तुझ्या पणजीच्याच उशीत शिवली व्हती."

"काय!" पोरगी गर्रकन वळली. मग आपण रागावलोय हे आठवून पुन्हा समोर बघायला लागली, पण कान मात्र आजीकडे राहिला. "खोटं."

"सांगते," भागुबाई म्हणाल्या, "दम लागला, जरा पाणी पिऊ दे." आणि दोन पावलं मागे पडून त्यांनी मैनाताईंचा दंड धरला.

"ताई, सापगाव किती लांब हाय?"

"या चालीने तासभर."

"तासाभरात काय हुतंय?" भागुबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "उशी हाय, पॅकहाउस हाय, देवघर हाय. सगळं सांगून मंग नवा नेम काढायचाय, आन् ह्या वक्ताला खरा. रेंज यायच्या आत. ताई, तुमचं पाय दुखत्यात म्हना. सावकाश चला म्हना."

"अहो, फेरीत खोटं बोलू?"

"खोटं कशाला? दुखत नायत का?"

पहाटे कुशावर्तावर अंघोळ झाल्यापासून मैनाताई अनवाणी चालत होत्या. त्यांनी खाली स्वतःच्या पावलांकडे पाहिलं. "दुखतायत की."

"मंग झालं," भागुबाई म्हणाल्या. "तेवढंच जरा मोठ्यानं म्हना."